कुलमुखत्यार

हॅनकॉकच्या पतपेढीत, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी,
मी चेक भरायला गेले होते.
मर्नाने काचेआडून विचारलं, दहा मिनिटं आहेत का?
साक्षीदार हवाय एक,
ज्याला या कागदातून काहीही मिळणार नाही असा.
म्हटलं, मग मीच.

मागच्या खोलीत लेम्पी हेइक्किला.
वय त्र्याऐंशी, अंगात गेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट,
पाय जमिनीला जेमतेम टेकलेले.
शाळेची बस चालवली तिने एकतीस वर्षं.
दुसरा साक्षीदार वेन्डेल, रस्त्यावरचा बर्फ उपसणारा,
तिच्याच बसने जायचा,
अजूनही तिच्यासमोर टोपी काढून बसतो.

शेजारी डार्ला. सून.
म्हणजे होती, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत.
मुलगा टूसॉनला असतो, वाळवंटात.
रविवारी फोन करतो, तिथलं हवामान सांगतो.

मर्ना वाचत गेली:
घर, जमीन, खाती, कर, विमा, पेन्शन,
तळ्याकाठची खोपटी, होडी, होडीचं इंजिन.
प्रत्येक ओळीपुढे चौकोन, चौकोनात आद्याक्षरं.
लेम्पीचा हात थरथरत होता, पण अडत नव्हता;
चढावर गिअर बदलावा तसं
एकेक अक्षर ती दाबून टाकत होती.
'भेटी देण्याचा अधिकार' आला तेव्हा थांबली.
"हा नको. भेटी माझ्या मी देईन."
आणि चौकोनावर आडवी रेघ.

मग म्हणाली, शनिवारी सौना कोण पेटवणार
ते कुठे लिहायचं?
मर्ना म्हणाली, त्याला कलम नाही हो.
डार्ला म्हणाली, मी पेटवतेच की.
"तरी लिही. समासात का होईना."

पुढे नियमाचा प्रश्न: कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?
लेम्पी खिडकीबाहेर बघत राहिली.
पार्किंगमध्ये कुणीतरी काच खरवडत होतं.
"आहे," ती म्हणाली.
"गेल्या महिन्यात दूध आणायला गेले
आणि परतीचं वळण सापडलं नाही.
ते वळण! झोपेतही घेतलं असतं मी."
वेन्डेल टोपीच्या शिवणीशी चाळा करत राहिला.
"माणसाचा दबाव नाही. वाच पुढे."

पुढचं कलम मर्नाने दोनदा वाचलं:
शुद्ध हरपली तरी हा कागद चालू राहील.
श्वास थांबताच रद्द होईल.

मृत्युपत्राचं उलटं असतं, ते तेव्हा कुठे डोळे उघडतं.
हा कागद त्याआधीच्या चिंचोळ्या पट्टीपुरता,
जिथे माणूस खुर्चीत असतो, जेवतो,
आणि स्वतःच्या घरात
पाहुण्यासारखा अवघडून विचारतो,
न्हाणीघर कुठे आहे?

शेवटच्या पानावर डार्लाची सही.
'नातं' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं.

मला माझ्या वडिलांचा एक शब्द आठवला, कुलमुखत्यार.
लहानपणी वाटायचं, कुल म्हणजे कूळ;
घराण्याबाहेरच्याला ते मिळतच नसणार.
कुल म्हणजे नुसतं सगळं, हे मला फार उशिरा कळलं.
विजेचं बिल, गोठलेले नळ, फ्रीजरमधले मासे,
म्हातारीची नखं. सगळं.

डार्लाने शेवटी काहीतरी लिहिलं.
मी समोर बसले होते, उलटं वाचता आलं नाही,
आणि साक्षीदाराने तेवढं वाचायचं नसतं.

शिक्का बसला. वेन्डेलने दार धरलं.
बाहेर लेम्पी सरळ स्टीअरिंगच्या बाजूला गेली.
डार्ला काही बोलली नाही,
फिरून दुसऱ्या बाजूने आत बसली, पट्टा लावला.

ट्रक फाटकापाशी थांबला.
डावा दिवा लुकलुकू लागला.
बराच वेळ लुकलुकला.
मग विझला,
आणि उजवा लागला.